पासिगचे महापौर आणि २०२८चा पेच

आखातातील कार्यालय असो, रुग्णालय असो वा हॉटेल, मराठी माणसाच्या शेजारी बहुधा एखादा फिलिपिनो सहकारी काम करत असतो. मे २०२५च्या मध्यावधी निवडणुकीत या परदेशस्थ फिलिपिनोंना प्रथमच इंटरनेटवरून मतदान करता आले. (मतदानासाठी विमानाचे तिकीट काढून गावी जावे लागणाऱ्या आपल्यासारख्या अनिवासी भारतीयांना याचा हेवाच वाटावा.) मात्र त्यांना मत देता आले ते केवळ सिनेटर आणि पक्षयाद्या यांना. आपल्या शहराचा महापौर परदेशात बसून निवडता येत नाही. तरीही राजकारणाचा विषय निघाला की मनिलाकडचे सहकारी ज्या नावापाशी थांबतात, ते एका महापौराचेच असते: पासिगचे विको सोट्टो.

फिलिपाइन्समधील महापौर म्हणजे मुंबईचा महापौर नव्हे. मुंबईत नगरसेवक महापौर निवडतात आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. तिकडे महापौर थेट जनतेतून तीन वर्षांसाठी निवडला जातो. अंदाजपत्रक, कंत्राटे, नोकरभरती, सारे त्याच्या सहीने चालते. महानगर मनिलातील सुमारे आठ लाख वस्तीचे पासिग तर चांगलेच सधन. ओर्तिगास या व्यापारी केंद्राचा मोठा भाग याच शहरात येतो. दुबईच्या मॉलमध्ये दिसणाऱ्या ‘जॉलिबी’चे मुख्यालयही तिथेच. अशा तिजोरीवर एकाच घराचा ताबा वर्षानुवर्षे राहिला, तर काय होते, हे पासिगकरांनी सत्तावीस वर्षे पाहिले.

ते घर युसेबियो यांचे. १९९२मध्ये विसेंते युसेबियो महापौर झाले. राज्यघटनेने सलग तीनच कार्यकाळांची मुभा दिल्यामुळे २००१मध्ये त्यांना थांबावे लागले, तेव्हा पत्नी सोलेदाद खुर्चीवर आल्या. २००४मध्ये विसेंते परतले. २००७पासून पुत्र रॉबर्ट, २०१३मध्ये रॉबर्ट यांच्या पत्नी मारिबेल, २०१६मध्ये पुन्हा रॉबर्ट. घराणेशाहीला आळा बसावा म्हणून आणलेल्या कालमर्यादेने प्रत्यक्षात घरातील एकेका माणसाला पाळीपाळीने सत्तेवर बसवले. पूर्वी एकट्या कर्त्या पुरुषावर भागत असे. आता पत्नी, मुलगा, सून अशा सगळ्यांचीच गरज लागू लागली.

हे घर २०१९मध्ये हरवले ते दुसऱ्या एका नामवंत घरातील मुलाने. विको यांचे वडील विक सोट्टो हे विनोदी अभिनेते, १९७९पासून चालत आलेल्या ‘ईट बुलागा’ या लोकप्रिय दुपारच्या कार्यक्रमाचे एक आधारस्तंभ. आई कोनी रेयेस याही अभिनेत्री. थोरले काका टिटो सोट्टो त्याच कार्यक्रमाच्या लोकप्रियतेवर राजकारणात शिरले आणि सिनेटचे अध्यक्ष झाले. सप्टेंबर २०२५मध्ये ते पुन्हा त्या पदावर बसले. चुलत भाऊ जियान शेजारच्या क्वेझॉन सिटीचे उपमहापौर. पणजोबा विसेंते सोट्टो सिनेटर होते; वार्ताहराला बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती करता येऊ नये, यासाठीचा १९४६चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आडनावाची ही पुण्याई नसती, तर २६ वर्षांचा एक राज्यशास्त्राचा पदवीधर २०१६मध्ये नगरसेवक आणि तीन वर्षांनी महापौर झाला असता का? मला तसे वाटत नाही.

पण आडनावाने दार उघडले, एवढ्यावर हिशेब संपत नाही. नगरसेवक असतानाच विको यांनी शहरापुरता माहिती अधिकाराचा नियम २०१८मध्ये मंजूर करवून घेतला. महापौर झाल्यावर वर्षानुवर्षे हंगामी राहिलेल्या कर्मचाऱ्यांना कायम करणे आणि निविदा प्रक्रिया खुली करणे ही कामे हाती घेतली. कोविडच्या टाळेबंदीत फिरता बाजार वस्त्यांपर्यंत नेला; आरोग्यसेवकांसाठी तीनचाकी वाहने सुरू ठेवण्याची मागणी केली म्हणून राष्ट्रीय तपास विभागाची नोटीसही ओढवून घेतली. त्या नोटिशीने त्यांची लोकप्रियता कमी होण्याऐवजी वाढली. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने भ्रष्टाचारविरोधी कामासाठी गौरवलेल्या जगभरातील बाराजणांत त्यांचे नाव होते. टीका झालीच नाही असे नाही. नव्या नगरभवन संकुलाचा सुमारे ९.६ अब्ज पेसोंचा खर्च विरोधकांनी प्रचाराचा मुद्दा केला आणि इतक्या मोठ्या खर्चाचा जाब विचारला जाणे योग्यही होते.

१२ मे २०२५ला त्यांच्यासमोर होत्या कंत्राटदार कुटुंबातील सारा डिस्काया. निकाल एकतर्फी लागला: विको यांना ३,५१,३९२, डिस्काया यांना २९,५९१. जवळजवळ बारापट. तीन महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी पूरनियंत्रणाच्या ५४५ अब्ज पेसोंच्या कामांचा तपशील मांडला. त्यापैकी सुमारे एक पंचमांश रक्कम अवघ्या पंधरा कंत्राटदारांकडे गेली होती आणि त्या यादीत डिस्काया कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या होत्या. सिनेटची चौकशी, रस्त्यावरचे मोर्चे, सभागृहांतील नेतृत्वबदल हे पुढचे सारे त्यातूनच घडले. पासिगची निवडणूक स्थानिक उरली नाही, ती या कारणाने.

मात्र त्याच दिवशी उरलेल्या देशाने काय कौल दिला, तेही पाहावे. हेगच्या कोठडीत असलेले रॉड्रिगो दुतेर्ते दावाओचे महापौर म्हणून निवडून आले. मकातीत नॅन्सी बिनाय यांनी स्वतःच्या बहिणीच्या पतीला हरवले. म्हणजे सत्ता या ना त्या वाटेने घरातच राहिली. चोवीस जणांच्या सिनेटमध्ये आता भावंडांच्या चार जोड्या आहेत. १९८७ची राज्यघटना घराणेशाहीला मनाई करते, पण ‘कायद्याने ठरवलेल्या व्याख्येनुसार’, आणि तो कायदा संसदेने अद्याप केलेला नाही. अपवाद फक्त युवक परिषदांचा. तिथे २०१६पासून बंदी लागू आहे. डिसेंबर २०२५मध्ये मार्कोस यांनी या कायद्याला प्राधान्य द्यायला सांगितले. ज्या सभागृहाने त्यावर विचार करायचा, तिथे बहुमताचे नेते आहेत त्यांचेच पुत्र सँड्रो.

विको यांचा तिसरा आणि सलग अखेरचा कार्यकाळ जून २०२८मध्ये संपतो. ते अविवाहित आहेत, त्यामुळे युसेबियोंसारखी खुर्ची घरात फिरवण्याचा मोह तूर्त संभवत नाही. सोबतचे उपमहापौर रॉबर्ट जावोर्स्की धाकटे हे माजी खासदार आणि बास्केटबॉलपटू-सिनेटर जावोर्स्की यांचे पुत्र. म्हणजे सुधारणावाद्यांच्या गटातही पुढचे सर्वांत ओळखीचे नाव वारशाचेच. आखातातल्या फिलिपिनो मित्रांना विको राष्ट्राध्यक्ष व्हावेत असे वाटते. त्या पदासाठी मतदानाच्या दिवशी वय चाळीस पूर्ण असावे लागते. विको यांचा जन्म १७ जून १९८९चा, त्यामुळे मे २०२८मध्ये ते अडतीस वर्षांचे असतील. उपराष्ट्राध्यक्षपदालाही हीच अट आहे. सिनेटसाठी पस्तीस पुरतात, आणि तिथे सप्टेंबर २०२५मध्ये अध्यक्षांच्या आसनावर त्यांचे काका बसले होते.