हयातीचा दाखला आणि निनावी देणगी

सरकारकडून महिन्याला १५०० रुपये मिळवायचे तर म्हाताऱ्या माणसाला काय काय सिद्ध करावं लागतं, ते आधी सांगतो. वय ६५ झालंय. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे. राहणार महाराष्ट्रातलाच आहे. आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं आहे. आणि दरवर्षी एकदा, आपण अजून मेलेलो नाही. ही झाली श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना.

आता दुसरी योजना. २ जानेवारी २०१८ला अधिसूचना निघाली ती निवडणूक रोख्यांची. पक्षाला एक कोटीचा रोखा द्यायचा तर देणाऱ्यानं आपली ओळख बँकेला द्यायची, मतदाराला मात्र काहीच सांगायचं नाही. रोख्यावर नाव नाही, पक्षानं आयोगाला द्यायच्या यादीत नाव नाही. रोखे विकण्याचं बँकेचं कमिशनसुद्धा देणगीदाराला पडत नव्हतं, ते सरकारी तिजोरीतून गेलं. माझ्या ओळखीची म्हातारी माणसं झेरॉक्सचे, फोटोचे आणि सेतू केंद्राचे पैसे स्वतःच्या कनवटीचे देतात.

मी निवृत्त शिक्षक आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि आठवड्यातून दोन दिवस लोकांचे अर्ज भरून देतो. मित्र म्हणतात, गुरुजी, म्हाताऱ्यांच्या पगाराचं बोला (आमच्याकडे या पेन्शनला 'निराधारचा पगार' म्हणतात), निवडणुकीच्या पैशाच्या भानगडीत कशाला पडता? माझं म्हणणं असं की या दोन भानगडी नाहीत, एकच आहे. पक्षांना पैसा कोण देतं हे झाकलेलं राहतं, तोवर म्हाताऱ्यांचे कायदे का अडतात हेही झाकलेलंच राहणार.

२१,००० रुपये म्हणजे किती? रोजगार हमीची २०२४-२५ची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. घरातल्या एकानं ७१ दिवस काम केलं की कुटुंब या मर्यादेच्या वर गेलं. म्हणजे अट खरोखर पाळून जगणारं घर शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. मग होतं काय, की ज्याला गरज आहे त्याला कागदावर कमी उत्पन्न दाखवावं लागतं. ते पटवून घ्यायला कोणाची तरी ओळख लागते, आणि अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीचा अध्यक्ष असतो पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय माणूस, बहुधा पक्षाचा कार्यकर्ता. हक्काचा पैसा उपकार होऊन घरी येतो. मला तर ही अट कंजूषपणातून आलेली वाटतच नाही. म्हातारं माणूस कायम कोणाच्या तरी मेहेरबानीखाली राहावं, याची ती सोय आहे.

एक मावशी हयातीच्या कागदासाठी आल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, म्या जित्ती हाय ना तुमच्या समोर, मंग कागद कायले पायजे?" मी म्हटलं, मावशी, माझ्यासमोर जिवंत असून भागत नाही.

अट सैल करणं अवघड असतं, हा युक्तिवाद तर २०२४ साली सरकारनंच मोडीत काढला. विधानसभेच्या तोंडावर लाडकी बहीण योजना आली. महिन्याला तेच १५०० रुपये, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. बायकांच्या हातात पैसा गेला याचं मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटलं. पण वयाची वरची मर्यादा ६५. म्हणजे ६४ वर्षांची बहीण रेशनकार्डावर लाडकी, आणि ६५ ओलांडली की तिनं तहसीलमध्ये जाऊन २१,०००चा दाखला काढायचा. गुडघे दुखायला लागल्यावर कागद वाढतात, असा हा हिशेब.

या १५०० रुपयांत केंद्राचा वाटा किती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ८० वर्षांच्या आतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसामागे महिन्याला २०० रुपये. इंदिरा गांधींच्या नावानं ही योजना २००७ साली आली तेव्हाही २००च होते. मधे सरकारं बदलली, हा आकडा बदलला नाही.

मुलं सांभाळत नाहीत म्हणून २००७ सालीच कायदा झाला, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्यात उपविभागीय अधिकाऱ्यासमोर अर्ज करता येतो, पण निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,०००. ही मर्यादा काढायची, सून-जावयालाही जबाबदारीत आणायचं, अशी दुरुस्ती डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडली गेली. स्थायी समितीकडे गेली, समितीचा अहवालही आला. आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक तिच्याबरोबर संपलं. एसटीत, साखर कारखान्यात, सूतगिरणीत आयुष्य काढलेल्यांच्या ईपीएस-९५ पेन्शनचं तेच. कोश्यारी समितीनं २०१३ साली किमान ३००० रुपये सुचवले. २०१४ साली किमान १००० ठरले, आणि तिथंच थांबले. बुलढाण्यात या पेन्शनरांनी डिसेंबर २०१८पासून साखळी उपोषण मांडलं.

आता पक्षांच्या कामाचा कायदा किती वेगानं होतो ते बघा. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही विदेशी देणग्यांचा कायदा मोडला. दोघंही सर्वोच्च न्यायालयात गेले. मग २०१६च्या वित्त कायद्यात 'विदेशी' या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१०पासून मागं लागू. पण त्याआधीच्या देणग्या १९७६च्या जुन्या कायद्याखाली येत होत्या, त्या सुटल्या नव्हत्या. मग २०१८च्या वित्त विधेयकात ती दुरुस्ती ५ ऑगस्ट १९७६पासून लागू केली. बेचाळीस वर्षं मागं जाऊन. लोकसभेनं ते विधेयक १४ मार्च २०१८ला गोंधळात, चर्चा न करता मंजूर केलं. ज्या दोन पक्षांचं एरवी कशावर एकमत होत नाही, त्यांच्या पापावर एकाच कलमानं पाणी सोडलं गेलं. म्हाताऱ्याच्या पेन्शनची थकबाकी मागची दोन वर्षं द्या म्हटलं तर नियम आडवा येतो.

मधल्या २०१७च्या वित्त विधेयकात रोख्यांची वाट मोकळी झाली. कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, अशी मर्यादा होती. ती गेली. तोट्यातली कंपनीही कितीही देऊ लागली. तोट्यातली कंपनी कोणाचे पैसे देते, हे विचारायची सोय नव्हती. आणि हे सगळं धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येऊ नये असं.

रोख्यांच्या बाजूनं एक युक्तिवाद होता आणि तो मी उडवून लावत नाही. देणगीदाराचं नाव उघड झालं तर दुसरा पक्ष सूड घेईल, अशी भीती. पण भीती खरी कोणाची असते? ज्याच्या हातात ईडी आणि आयकर खातं आहे त्याची. आणि रोखे विकणारी बँक सरकारचीच होती. ज्याच्यापासून लपायचं त्याच्याच घरात लपायला जागा दिली, आणि अंधारात ठेवलं मतदाराला.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेनं यादी द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. आमच्या जिल्ह्याचे लोकसभेला तीन तुकडे होतात. वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत, बाकी यवतमाळ-वाशीम. मतदान १९ आणि २६ एप्रिलला होतं. म्हणजे मत टाकून झाल्यावर, निकाल लागल्यावर, नवं सरकार बसल्यावर आम्हाला कळणार होतं की मागच्याला पैसे कोणी दिले. न्यायालयानं ११ मार्चला ती मागणी फेटाळली, म्हणून १४ आणि २१ मार्चला याद्या निघाल्या. एकूण विक्री १६,५१८ कोटी रुपयांची. सगळ्यात मोठा वाटा भाजपचा, पण तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती, सगळ्यांच्या पदरात काही ना काही होतंच. माकपनं रोखे घेतले नाहीत, तो पक्ष खटल्यात याचिकाकर्ता होता.

कोणत्या देणगीमुळे कोणता कायदा झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. करू शकू नये म्हणूनच तर ही रचना होती.

रोखे गेले, अंधार पुरता गेला नाही. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला कळवावं लागत नाही. इलेक्टोरल ट्रस्टमध्ये अनेक कंपन्यांचे पैसे एकत्र होतात आणि पुढं पक्षांना जातात, कोणाचे कोणाला गेले हे एकास एक लागत नाही. देणग्यांचा अहवाल वर्षातून एकदा. एप्रिल २०२४मध्ये दिलेल्या देणगीची यादी २०२५च्या दिवाळीच्या सुमारास. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. केंद्रीय माहिती आयोगानं जून २०१३मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं. एकानंही तो आदेश पाळला नाही. मावशींनी हयातीचा दाखला दिला नाही तर पगार बंद होतो. पक्षांनी आदेश पाळला नाही तर काय बंद होतं?

कोणी म्हणेल, खेड्यात लोक पाकीट घेऊन मत देतात, त्यांना कसली पारदर्शकता सांगता? हे वाक्य मी शहरातल्या सुशिक्षितांकडूनच जास्त ऐकलंय. पाकिटातली नोट काही शेतात उगवत नाही. ती वरून कुठून तरी येते, आणि ती कुठून येते हे न विचारता घेणाऱ्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे.

मतासाठी मात्र राज्य म्हाताऱ्याच्या घरी चालत येतं. २०२४ला ८५च्या वरच्यांचं मत घ्यायला अधिकारी, पेटी, कॅमेरा सगळं अंगणात आलं. चांगली सोय आहे. तोच कॅमेरा हयातीच्या दाखल्याला का येत नाही?

मागण्या मोठ्या नाहीत. देणगी मिळाली की काही दिवसांत नाव जाहीर, मतदानाच्या आधी. पक्षाच्या खर्चाला मर्यादा. आणि श्रावणबाळची अट लाडक्या बहिणीइतकी, समितीच्या अध्यक्षाची सही न लागता. पहिल्या दोन मागण्यांसाठी ज्येष्ठ नागरिक संघांनी कधी निवेदन दिलेलं माझ्या पाहण्यात नाही. बाकं, विरंगुळा केंद्र आणि सहलीच्या पलीकडे आपण काही मागतच नाही. उमेदवार मंगल कार्यालयात आपला मेळावा घेतो, शाल-श्रीफळ देतो, आपण रांगेत उभे राहतो. त्या मांडवाचे पैसे कोणाचे, हे एकदा तरी माइकवर विचारायला हवं.

आणि विचारायची कायदेशीर जागाही आहे. निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो हिशेब नुसता वेळेवर दिला म्हणून भागत नाही, तो खरा आहे का हे आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४मध्ये पैनगंगेपलीकडच्या भोकरच्या खटल्यात सांगितलंय. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत, म्हणजे सात आमदारांचे आणि पडलेल्या सगळ्यांचे हिशेब. ते कोणीही पाहू शकतं, त्यासाठी रहिवासी दाखला लागत नाही, उत्पन्नाचा लागत नाही. नियमात पाहणीची फी एक रुपया लिहिलेली आहे. पावती मागून घ्या.