रस्सी बांधायची कुठे?

माझ्या भाच्याने इंदूरला थार घेतली तेव्हा ती साधी, काळी, छान गाडी होती. सहा महिन्यांनी दिवाळीला गेले तर ओळखूच येईना. मांडीपर्यंत येणारे टायर, पुढे जाडजूड लोखंडी बंपर, टपावर एलईडी दिव्यांची लांब पट्टी आणि बाजूने हत्तीच्या सोंडेसारखा वर गेलेला पाइप. ताई कानाशी येऊन म्हणाली, “अडीच लाख ओतलेत. ह्यांना दीडच सांगितलंय.” (भावजी हे सदर वाचत नाहीत, म्हणून लिहायची हिंमत करतेय.)

गेल्या जुलैत सगळे मिळून पाताळपाणीच्या बाजूला सहलीला निघालो. वाटेत एका शेताच्या कडेने गेलेला कच्चा रस्ता दिसला आणि भाच्याला स्फुरण चढलं. माळव्यातली काळी माती पावसात कशी होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. शंभर पावलांत गाडी रुतली. तो ॲक्सिलरेटर दाबत राहिला, मागची चाकं फिरत राहिली, टायरच्या खोल नक्षीत माती भरून त्यांचे गुळगुळीत गोळे झाले आणि गाडी आणखी खाली बसली.

मी विचारलं, “अरे, ही चारही चाकांवर चालते ना?”

चालत नव्हती. जानेवारी २०२३पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि ती स्वस्त पडते. त्यात गैर काहीच नाही. गाडी शहरातच चालवायची तर चारचाकी ताकदीचे पैसे कशाला द्यायचे? पण आमच्या चिरंजीवांनी तिथे पैसे वाचवले आणि ते दिसण्यावर घातले.

शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्या काकांनी दोरखंड हातात घेऊन गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, “भैया, रस्सी बांधू कहां?” कंपनीने दिलेला ओढायचा हुक नव्या बंपरमागे दडला होता. मग बंपरलाच बांधली. ट्रॅक्टरने ओढलं, बंपर निघून आला, गाडी तिथेच! छोटी मुलं टाळ्या वाजवत होती.

हसण्यावारी गेलं, पण घरी आल्यावर मी या प्रकाराची जरा चौकशी केली. आधी त्या सोंडेचं. तिला स्नॉर्कल म्हणतात. इंजिनाला लागणारी हवा ती उंचावरून घेते, एवढंच तिचं काम. पाणी दारातून आत येणं, वायरिंगपर्यंत पोहोचणं, गिअरच्या तेलात मिसळणं यातलं काही ती थांबवत नाही. कंपनी स्वतः थारसाठी ६५० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आतबाहेर पाण्याची मर्यादा सांगते. तीही संथ पाण्यात, हळू चालवून. वाहत्या पाण्याला गाडीचं वजन विचारावं लागत नाही. तरी डिसेंबर २०२३मध्ये लाहौलमध्ये एकाने चंद्रा नदीतच थार घातली आणि पोलिसांनी चलान फाडलं. जून २०२४मध्ये कच्छच्या मुंद्रा भागात रीलसाठी दोन थार समुद्रात नेल्या गेल्या, त्या रुतल्या आणि गुन्हा नोंदवला गेला.

मोठ्या टायरचं गणित तर अगदी सरळ आहे. चाक जड झालं की फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला. चाकाचा घेर वाढला की स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवतो. गाडी उंच केली की तोल वर जातो. हायवेवर अचानक गाय आडवी आली आणि स्टिअरिंग झटकन वळवलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. त्या गाडीत माझी ताई मागे बसते, म्हणून मला याची जास्त काळजी.

लोखंडी बंपरबद्दल तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. तो पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडण्यात अडथळा आणू शकतो. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच.

मग खरोखर वाईट रस्त्यावर गाड्या चालवणारे काय करतात? दार्जिलिंगकडे मानेभंजांगहून संदकफूला जाणारी वाट आहे, ३१ किलोमीटरची, ३,६३६ मीटर उंचीपर्यंत. आता बराचसा रस्ता पक्का झालाय, पण कित्येक वर्षं ती नुसत्या दगडांची चढण होती. तिथे १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर धावत. अरुंद टायर, पत्र्याचं अंग, आखूड लांबी, चारही चाकांना ताकद आणि मुंगीच्या गतीने चढणारा गिअर. शोभेचं काही नाही. चालकाला मात्र रस्त्यातला दगड न् दगड पाठ.

नटवलेल्या गाडीला माझा मुळात विरोध नाही बरं का. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या जीपांपासून अशा देखण्या उघड्या जीप बनवतात, की मान वळवून बघावं. त्या मिरवायलाच बनतात आणि कोणी त्यांना नदीत घालत नाही.

भाच्याने आता दोन गोष्टी घेतल्यात. एक, गाडी ओढायचा चांगला जाड पट्टा. दुसरी, टायरची हवा मोजायचं छोटं यंत्र. चिखलात किंवा वाळूत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड येते, डांबरी रस्त्यावर आलं की लगेच पुन्हा भरायची. हे त्याला ट्रॅक्टरवाल्या काकांनी शिकवलं, फुकटात. दोन्ही मिळून खर्च काही हजारांत आला. कंपनीचा बंपर पुन्हा लागलाय. लोखंडी बंपर गच्चीवर आहे, ताई त्याच्यावर पायपुसणी वाळत घालते. आणि भावजींना अजून दीडच लाख माहीत आहेत.