मेन स्विचला कुलूप, किल्ली आपल्या खिशात

गॅस बंद केला म्हणून कोणी लगेच कुकरचे झाकण उघडत नाही. आत वाफ कोंडलेली आहे, ती आधी जाऊ द्यायला हवी, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मिक्सरच्या पात्यात खोबऱ्याचा तुकडा अडकला तर शहाणी गृहिणी नुसते बटण बंद करून थांबत नाही. भांडे मोटरवरून खाली उतरवते, मगच आत चमचा घालते.

हाच शहाणपणा कारखान्यात, पिठाच्या गिरणीत, छापखान्यात किंवा सोसायटीच्या पंपघरात मात्र पुष्कळदा विसरला जातो. चालत्या यंत्राजवळ माणूस सावध असतो. यंत्र बंद करून दुरुस्तीला घेतले, की त्याला वाटते, आता कसली भीती? आणि नेमका तेव्हाच त्याचा हात गिअरमध्ये, पट्ट्याखाली किंवा प्रेसच्या साच्यात असतो.

अपघात होतो कसा?

समजा, एखादा फिटर यंत्र बंद करतो, वरचा पत्रा काढतो आणि खाली वाकून आत हात घालतो. स्विचबोर्ड असतो पंधरा-वीस पावलांवर, खांबाच्या आड. जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा कामगार येतो. त्याला यंत्र बंद दिसते, फिटर दिसत नाही. काम खोळंबले म्हणून तो बटण दाबतो. दोघांपैकी कोणाच्याही मनात पाप नसते, पण एकाचा हात जन्माचा जातो आणि दुसऱ्याच्या मनाला जन्माची टोचणी लागते.

कधी स्विचला कोणी हातही लावत नाही, तरी घात होतो. वीज तोडली तरी यंत्रातली सगळी शक्ती जात नाही. गिरणीचे जाते, जड चाक बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेचा दाब असतो. हायड्रॉलिक प्रेसचा वर उचललेला भाग स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. ताणलेली स्प्रिंग सुटते. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. नळीत वाफ किंवा तेजाब उरलेले असते. कुकरमधल्या वाफेसारखीच ही शक्तीही दिसत नाही.

युनायटेड ऑटो वर्कर्स या अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला होता. १९७३ ते १९९५ या काळात कामावर ४१४ मृत्यू झाले. त्यांपैकी ८३ मृत्यूंचे, म्हणजे दर पाचांतील एकाचे, कारण होते यंत्राची शक्ती नीट न रोखणे.

एका न पोहोचलेल्या कागदाची किंमत

स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेलविहिरीचा तळ होता. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीच्या कामगारांनी तेथील एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला आणि नळीच्या उघड्या तोंडावर तात्पुरती चकती बसवली. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचलीच नाही. रात्री दहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू करण्याचा प्रयत्न केला. त्या चकतीतून वायू सुटला आणि स्फोट झाला. त्या आगीत १६७ जणांचे प्राण गेले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीने १९९० साली दिलेल्या अहवालात १०६ शिफारशी केल्या. दुरुस्तीच्या परवान्यांची पद्धत कडक करणे आणि पाळी बदलताना कामाची माहिती नीट सोपवणे, यांवर त्यांत भर होता.

तळ मोठा होता, यंत्रे महागाची होती, कामगार अनुभवी होते. परवान्याचा कागदही होता. पण पंप चालू करू पाहणाऱ्याचा हात अडवील, असे पंपावर काहीच नव्हते.

उपाय साधा, पण पुरा हवा

असा हात अडवण्याचे काम एक कुलूप करू शकते. अमेरिकेत १ सप्टेंबर १९८९ रोजी याविषयीचा नियम जाहीर झाला आणि जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याची पद्धत जगभरच्या कारखान्यांनी उचलली. ती थोडक्यात अशी :

● काम सुरू करण्यापूर्वी त्या यंत्राला शक्ती कुठून कुठून मिळते ते पाहावे. वीज, हवा, वाफ, तेलाचा दाब, उंचावरचे वजन, सगळे मोजावे.

● यंत्रावर काम करणाऱ्या सर्वांना दुरुस्तीची कल्पना द्यावी.

● यंत्र नेहमीच्या रीतीने बंद करावे. मग मेन स्विच पाडावा, व्हॉल्व्ह बंद करावेत.

● त्या प्रत्येक जागी कुलूप घालावे व पाटी अडकवावी : ‘काम चालू आहे, स्विच लावू नये.’ पाटीवर काम करणाऱ्याचे नाव व तारीख असावी.

● उरलेली शक्ती काढून टाकावी. हवा सोडावी, चाक थांबू द्यावे, उचललेल्या भागाखाली भक्कम टेकू द्यावा.

● शेवटी बटण दाबून यंत्र खरोखर चालू होत नाही ना, याची खात्री करावी आणि बटण पुन्हा ‘बंद’वर आणावे. वायरमनने टेस्टर आधी चालू वायरवर लावून तो ठीक आहे हे पाहावे, मग बंद वायर तपासावी.

यातली शेवटची पायरीच घाईत सर्वांत जास्त वगळली जाते. चुकीच्या यंत्राचा स्विच पाडला गेला असेल, तर ते कळण्याची हीच अखेरची संधी असते.

किल्ली कोणाकडे?

या पद्धतीचा सारा जीव किल्लीत आहे. ज्याचा हात यंत्रात, त्याचीच किल्ली. चार जण काम करत असतील तर चार कुलपे. एकाच स्विचवर अनेक कुलपे बसवता येतील अशी पकड मिळते. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढीपर्यंत यंत्र सुरू होत नाही. पाळी बदलताना नवा माणूस आधी आपले कुलूप लावतो, मग जुना आपले काढतो. सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात दुसरी किल्ली पडून असेल, तर ते कुलूप असून नसल्यासारखेच.

नुसती पाटी पुरत नाही. पाटी वाऱ्याने पडते, तेलाने पुसते आणि ज्याला ती वाचता येत नाही त्याला थांबवत नाही. आज एकाच शेडमध्ये मराठी, हिंदी, उडिया, बंगाली बोलणारे कामगार असतात. कुलूप मात्र सर्वांना एकाच भाषेत ‘नाही’ म्हणते.

आपल्याकडेही ही गोष्ट नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २४ व्या कलमात अशी तरतूद केली गेली, की वीज तोडणारे जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकते, ते बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. पण छोट्या वर्कशॉपपर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तेथे मालकाची इच्छा आणि कामगाराचा आग्रह हेच कामी येतात. ‘दोन मिनिटांचे काम आहे, उरकून टाक’ असे म्हणणाऱ्या मालकाने एवढेच आठवावे, की कुलूप लावायलाही दोनच मिनिटे लागतात.

घरच्यांनीही लक्ष द्यावे

सोसायटीच्या टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी पंपाच्या स्विचला कुलूप आहे का, हे सेक्रेटरीने स्वतः पाहावे. घरात किंवा दुकानात जनरेटर असेल, तर चेंजओव्हर स्विच बसवूनच घ्यावा. तो नसेल तर जनरेटरची वीज उलटी तारांत जाते आणि वीज गेली आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा बळी घेऊ शकते.

आणि ज्या घरातला माणूस रोज यंत्रांच्या दुरुस्तीला जातो, त्या घरच्यांनी त्याला एकदा सहज विचारावे : ‘तुमचे स्वतःचे कुलूप आहे का?’ नसेल, तर डब्याबरोबर तेही घेऊन द्यावे.