घरपोच ताटाचा भार कोणाच्या माथी?

पुण्यामुंबईतील लहान उपाहारगृहांचे चालक एकत्र जमले की एका प्रश्नावर हमखास तावातावाने बोलू लागतात. गिऱ्हाइकाच्या घरी जेवण पोचविण्यासाठी पगारी माणूस ठेवावा, की झोमॅटो अथवा स्विगी यांसारख्या मध्यस्थ कंपनीच्या हवाली ते काम करून मोकळे व्हावे? वरवर पाहता हा हिशेबवहीतील प्रश्न आहे. परंतु शेकडा किती कमिशन जाते एवढेच पाहून त्याचे उत्तर देणारे बहुधा चुकतात, आणि कमिशनला 'लूट' म्हणून हात झटकणारेही तितकेच चुकतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नाही. रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली 'इकॉनॉमिका' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधाचा विषय हाच होता. बाजारात प्रत्येक सेवा विकत मिळू शकते, तर मग माणसे पगारावर ठेवून उद्योगसंस्था उभारण्याचे कारण काय? कोस यांचे उत्तर असे की, बाजाराचा वापर फुकट होत नाही. माणूस शोधणे, दर ठरविणे, करार पाळून घेणे यांना खर्च पडतो. हा खर्च घरच्या व्यवस्थेच्या खर्चाहून अधिक झाला की काम घरात येते, कमी झाला की बाहेर जाते. १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खानावळीच्या मालकाने कोस यांचे नावही ऐकलेले नसते, पण रोज दुपारी तो याच तराजूपुढे उभा असतो.

आता आकडे मांडू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. सरासरी बिल ४०० रुपयांचे आणि कमिशन शेकडा २५ धरले, तर कंपनीला १०० रुपये जातात. या कमिशनवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणजे आणखी १८ रुपये. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहाला या कराची वजावट मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते १८ रुपये खिशातूनच जातात. एकूण ११८. उलटपक्षी, पोचवणाऱ्या मुलाचा पगार, दोन वेळचे जेवण, पेट्रोल, दुचाकीची झीज व विमा मिळून महिना २१,००० रुपये धरले आणि कामाचे दिवस २६, तर रोजचा खर्च सुमारे ८०८ रुपये येतो. दिवसाला पाचच खेपा झाल्या तर प्रत्येक खेप १६० रुपयांहून महाग पडते. सात झाल्या की दोन्ही मार्ग जवळपास सारखे. वीस झाल्या तर खेप ४० रुपयांत होते.

मग रोज वीस-पंचवीस घरी जेवण धाडणारा मालकही मुलगा का ठेवत नाही? एक कारण उघड आहे. त्या वीस खेपा दिवसभर सारख्या पसरलेल्या नसतात. दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री आठ ते दहा एवढ्या वेळातच झुंबड उडते. त्या वेळी एक मुलगा पुरत नाही, आणि चार वाजता तोच मुलगा बाकावर बसून असतो. माणसाचा पाव हिस्सा कामावर ठेवता येत नाही. शेकडो उपाहारगृहांची मागणी एकत्र करणाऱ्या कंपनीला ही अडचण कमी भासते, आणि हा तिचा खराखुरा, कष्टाने मिळविलेला फायदा आहे.

परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. २०० रुपयांचे जेवण आणि ८०० रुपयांचे जेवण एकाच घरी पोचवायला पेट्रोल सारखेच लागते, तरी कमिशन मात्र चौपट होते. वाहतुकीचा दर असा कधी असतो काय? रिक्षावाला प्रवाशाच्या पाकिटाकडे पाहून भाडे सांगत नाही (निदान मीटर चालू असताना). याचा अर्थ एवढाच की, कमिशन ही मुख्यतः पोचवणीची किंमत नव्हे. गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर दुकान मांडण्याचे ते भाडे आहे. नवीन गिऱ्हाईक मिळत असेल तर भाडे जरूर द्यावे. पण दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, दहा वर्षे थालीपीठ खायला येणारा गृहस्थ पावसाचा कंटाळा करून भ्रमणध्वनीवरून मागणी नोंदवतो, तेव्हा त्याच्यापोटीही मालक तेच भाडे भरतो. जुने गिऱ्हाईक नव्या दराने पुन्हा विकत घेण्याचा हा प्रकार आहे.

उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली, तीत ग्राहकांची माहिती दडविली जाण्याचाही मुद्दा होता. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने दोन्ही कंपन्यांच्या काही व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. अन्यत्र याहून कमी दर लावू नये अशी अट करारात असणे, हा त्या आदेशातील एक कळीचा विषय होता. प्रस्तुत लेखकाला ही अट कमिशनाहून घातक वाटते. थेट मागणी करणाऱ्यास मालक वीस रुपये सूट देऊ शकला, तर जुने गिऱ्हाईक आपसूक त्याच्याकडे वळेल. अट पाळावी लागली, तर थेट मागवणाराही कमिशनाचा बोजा वाहतो.

कमिशनावर कायद्याने मर्यादा घालावी, अशी मागणी अधूनमधून होते. आपल्या राज्यात २०१६ साली भाजीपाला-फळांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. अडत कोणाच्या नावे लिहिली जाते यावरून तिचा भार कोणावर पडतो हे ठरत नाही, भाव त्या बेताने सरकतात. कमिशनाचेही तेच होईल. २०२३ पासून कंपन्या ग्राहकाकडून निराळे व्यासपीठ शुल्क घेऊ लागल्या, हे वाचकांनी आपल्या बिलात पाहिलेच असेल. न्यूयॉर्क शहराने २०२० साली मर्यादा घातली तेव्हा मात्र एक शहाणपणा केला: पोचवणीसाठी १५ टक्के आणि इतर सेवांसाठी ५ टक्के, असे दोन भाग वेगळे केले. मर्यादेचा आकडा योग्य की अयोग्य हा वाद बाजूस ठेवू. दोन सेवांच्या दोन किमती निरनिराळ्या लिहिणे एवढे जरी आपल्याकडे सक्तीचे झाले, तरी मालकाला कोणती सेवा घ्यावी आणि कोणती नाकारावी हे ठरवता येईल.

वरील हिशेबात एक रकाना मी मुद्दाम राखून ठेवला होता. दोन्ही मार्गांनी पोचवणारा मुलगा आपल्याला वाटतो त्याहून स्वस्त दिसतो, कारण त्याचा काही खर्च तो स्वतःच सोसतो. कंपनीच्या कामात गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मागणीची वाट पाहण्यात गेलेला तासही त्याचाच. उपाहारगृहाच्या कामात नोकरी असते, पण भविष्यनिर्वाह निधी किती ठिकाणी भरला जातो? सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तीत अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगार कल्याणासाठी देण्याची तरतूद आहे. ती वसूल होऊ लागली की कमिशनाचा आकडा पुन्हा हलेल. स्वतःचा मुलगा ठेवणाऱ्यानेही अपघात विम्याचा हप्ता हिशेबात धरावा. पाऊस असताना 'तीस मिनिटांत' म्हणून गाडी दामटणारा पोरगा घसरला, तर दवाखान्याचे बिल कोणत्या रकान्यात लिहिणार?

मुंबईचे डबेवाले १८९० पासून हे काम करीत आले. तिथे एकेका डब्यासाठी स्वतंत्र माणूस धावत नाही. वेळ ठरलेली, गिऱ्हाईक ठरलेले, दर महिन्याचा, आणि वाटेत अनेकांचे डबे एकत्र. खरी बचत मालकी कोणाची यात नसून भार एकत्र करण्यात असते. एका पेठेतील आठ-दहा खानावळींनी मिळून चार मुले ठेवली, तर दुपारची झुंबड आणि चार वाजताची रिकामी बैठक दोन्ही वाटून घेता येतील. ज्या महाराष्ट्राने सहकारातून साखर कारखाने उभारले, तिथे शेजारच्या दोन खानावळवाल्यांचे एका मुलावर एकमत होत नाही. प्रत्येकाला वाटते, दुसरा आपली गिऱ्हाइके पळवील. गिऱ्हाइकांची नावनिशी परक्या कंपनीच्या यंत्रात जमा होत आहे, याची धास्ती मात्र त्याला तितकी वाटत नाही.

तोवर मालकाने एक महिना साधी वही घालावी. प्रत्येक घरपोच मागणीपुढे अंतर, वेळ आणि गिऱ्हाईक जुने की नवे, एवढेच लिहावे. दोन किलोमीटरच्या आतील जुन्या गिऱ्हाइकांच्या मागण्या रोज सातच्या वर निघाल्या, तर त्यांच्यापुरता मुलगा ठेवावा आणि बाकीचे खुशाल कंपनीकडे सोपवावे.