हात लावू नये

‘हात लावू नये’ ही पाटी ज्याने पहिल्यांदा रंगवली, त्याचा पुतळा उभारावा आणि त्याच्या गळ्यात तीच पाटी अडकवावी, असं माझं फार दिवसांचं मत आहे. मिठाईच्या काचेवर ती असते तोवर माझी तक्रार नाही. संग्रहालयातल्या तलवारीवर असते, तेही समजू शकतो. पण ज्याचं पोट ज्या यंत्रावर, त्यालाच ‘यंत्राला हात लावू नये’ म्हणायचं? ‘कंपनीचा माणूस आल्याशिवाय कुकरचं झाकण काढायचं नाही’ असं घरात सांगून बघा. त्या रात्री कोण उपाशी झोपतं ते कळेल.

माझा राग आहे तो सीएनसी यंत्रातल्या ऑटोमॅटिक टूल चेंजरच्या बाबतीत. आता तुम्ही विचाराल, बी. कॉम. होऊन बँकेच्या खिडकीत पासबुकं छापणाऱ्या कारकुनाचा आणि टूल चेंजरचा संबंध काय? संबंध असा, की माझा मेहुणा भोसरीच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क करतो. त्याच्याकडे कर्जाने घेतलेलं एक व्हीएमसी आहे. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून माझ्या बायकोची सही आहे. म्हणजे जामीन मीच. ज्ञानाची तहान वगैरे सगळं झूट. जामीन राहिलं की माणूस इंजिनिअरिंग आपोआप शिकतो.

तर या यंत्राच्या अंगाला एक फिरतं मॅगझिन असतं. वाचायचं नव्हे, त्यात वीस-चोवीस हत्यारं आपापल्या पॉटमध्ये बसलेली असतात. प्रोग्राममध्ये ‘एम ०६’ आलं की स्पिंडल ठरल्या कोनात येऊन उभा राहतो, पॉट खाली झुकतो, दोन पंजांचा एक हात फिरून एका पंजात स्पिंडलमधलं जुनं आणि दुसऱ्यात पॉटमधलं नवं हत्यार धरतो. स्पिंडल जुनं सोडतो, हात खाली उतरतो, अर्धी गिरकी घेतो, वर चढतो, स्पिंडल नवं पकडतो, हात आपल्या जागी. हे सगळं दोन-तीन सेकंदांत! आमच्या शाखेत तेवढ्या वेळात पेनाचं टोपण निघत नाही.

प्रत्येक पावलाला एकेक सेन्सर ‘झालं’ म्हणून साक्ष देतो. साक्ष आली नाही की यंत्र तिथल्या तिथे थांबतं. हवेचं प्रेशर सहा किलोवरून उतरलं, सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा कीस बसला, एवढंही पुरतं. मग तो हात दोन हत्यारं धरून अधांतरी, आणि पडद्यावर लाल अक्षरांत अलार्म.

याला आमच्या भाषेत साधा शब्द आहे: डेबिट झालं, क्रेडिट झालं नाही. हत्यार पॉटमधून निघालं, स्पिंडलला पोचलं नाही. पैशांचं असं झालं तर त्याला नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला परिपत्रक काढलं. एटीएममधून नोटा न येताच खात्यातले पैसे गेले तर व्यवहारानंतर पाच दिवसांत परत, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये. मेहुण्याच्या यंत्राला असा कुठला वाली आहे?

त्याने कंपनीला फोन केला. (नाव घेत नाही, कर्ज अजून फिटायचंय.) उत्तर आलं, ‘कॉल रजिस्टर झाला आहे. तोवर कोणी हात लावू नका.’ साहेब तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी फडक्याने सेन्सरवरचा कीस पुसला. मग एटीएमचा पिन दाबावा तसं पडद्याला अंगाने झाकून मेंटेनन्सच्या पानाचा पासवर्ड मारला, एकेक पाऊल पुढे नेत हात सोडवला आणि चहा न घेता बिल देऊन गेले. काम वीस मिनिटांचं. तीन दिवस यंत्र थांबलं. हप्ता काही थांबला नाही.

मी मेहुण्याला विचारलं, “हे तुमच्या ऑपरेटरला येत नाही?”

“येईल की दाजी. पण पासवर्ड देत नाहीत. आणि मॅन्युअल इंग्रजीत आहे.”

ते चारशे पानी मॅन्युअल ऑफिसच्या कपाटात गणपतीच्या मखराखाली कुलपात होतं. ऑपरेटर बीडकडचा, आयटीआय झालेला, हुशार पोरगा. त्या पुस्तकाचं त्याला बाहेरूनसुद्धा दर्शन नव्हतं.

अशा वेळी आपल्याकडे दोन पंथ उभे राहतात. पहिला ‘बंद करून चालू करा’वाल्यांचा. बँकेतल्या प्रिंटरला हा मंत्र लागू पडतो, म्हणून तो सगळीकडे चालतो असा समज. इथे चालू केल्यावर हात असतो तिथेच असतो, आणि कोणी हौसेने स्पिंडल वर-खाली केला की पंजाचे तुकडे. दुसरा पंथ हातोडावाल्यांचा. त्यांच्याविषयी काय बोलावं? तेही शेवटी कंपनीचाच धंदा वाढवतात.

खरी रीत साहेबांना प्रश्न विचारविचारून मी काढून घेतली. ती कोणत्याही समजूतदार माणसाला शिकवता येईल अशी आहे. आधी इमर्जन्सी दाबायची आणि नुसतं बघायचं. साखळीत कुठल्या पावलावर थांबलंय? स्पिंडलने हत्यार धरलंय की सोडलंय? धरून ठेवतात त्या स्प्रिंगा. हवेचा किंवा तेलाचा दाब लागतो तो सोडायला. त्यामुळे हवा गेली तरी धरलेलं हत्यार पडत नाही. पण आधीच सुटलेलं असेल तर सात-आठ किलोंपर्यंतचं वजन नुसत्या पंजावर लटकलेलं असतं. म्हणून खाली लाकडी ठोकळा. मग कारण शोधायचं: हवा, कीस, सेन्सरचा दिवा. नंतर मेंटेनन्सच्या पानावरून, किंवा पुष्कळ यंत्रांत वीज तोडून, हाताच्या मोटरचा ब्रेक सोडून पान्याने, सावकाश एकेक पाऊल.

आणि हात सुटला म्हणजे संपलं नाही! इथे मला माझी बी. कॉम.ची पदवी पहिल्यांदा उपयोगी पडली. या यंत्रात जुनं हत्यार नव्याच्या रिकाम्या पॉटमध्ये जाऊन बसतं. कुठल्या पॉटमध्ये काय, याची वही कंट्रोलर ठेवतो. तुम्ही हाताने अदलाबदल केलीत आणि वही तशीच राहिली, तर पुढच्या वेळी तो ड्रिल समजून फेसमिल घेतो आणि पूर्ण वेगाने जॉबवर उतरतो. संध्याकाळी दहा रुपये कमी भरले तर आम्ही घरी जात नाही. इथे तर लाखाचा स्पिंडल असतो. वही आणि पेटी जुळल्याशिवाय स्टार्ट दाबू नये, हे यंत्रावर मोठ्या अक्षरांत लिहा. ती पाटी मी स्वतः रंगवून देईन.

कंपनीवाले म्हणतात, ‘आणि ऑपरेटरचा हात गेला तर?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण रात्री दोन वाजता, शिफ्टचा आकडा बाकी असताना, तो पोरगा आत हात घालतोच. हवा चालू ठेवून घालतो, भंगारातला पाइप घेऊन घालतो. सेन्सर साफ केला की थांबलेला हात आपोआप निघू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पाटीने त्याची बोटं वाचत नाहीत. बोटं गेल्यावर कंपनी वाचते. अमेरिकेतल्या हास कंपनीने आपल्या यंत्रांच्या कळफलकावर टूल चेंजर सोडवायची कळच दिली आहे. मग इतरांनी पासवर्डची तिजोरी कशाला करावी? दोन दिवसांचं शिक्षण आणि मराठीत चार पानं, एवढंच मागणं आहे.

यंत्राच्या कर्जाला बँका इतके कागद मागतात, त्यात आणखी एक मागावा असं मी आमच्या मॅनेजरसाहेबांना सुचवलं: ‘ऑपरेटरला टूल चेंजर सोडवायला शिकवलं आहे’ असा यंत्रकंपनीचा दाखला. यंत्र तीन दिवस बंद म्हणजे आपलाच हप्ता धोक्यात. साहेबांना पटलं.

“पण सिस्टीममध्ये तसा कॉलम नाही हो. हेड ऑफिसला लिहा.”

लिहिलं. परवा उत्तर आलं. सूचना रजिस्टर झाली आहे.