तारीख सरकारची, पैसा उधारीत!

मार्च महिना उजाडला की सोलापुरात उन्हाबरोबर आणखी एका गोष्टीचा ताप चढू लागतो. आगाऊ प्राप्तिकराचा अखेरचा हप्ता भरण्याची तारीख १५ मार्च. पगारदार माणसाला तिची धास्ती वाटण्याचे कारण नाही. त्याचा कर पगारातून आधीच कापला जातो, आणि जे हाती येते ते सारे त्याचे असते. परंतु वकील, दंतवैद्य, वास्तुविशारद, गणवेश शिवणारा छोटा कारखानदार, थोड्याशा यंत्रमागांचा धनी, यांची गोष्ट निराळी. धंद्याचे मालक तेच, कारकून तेच आणि खजिनदारही तेच. वर्षभर मालकाने खजिनदाराकडून मागेल तेव्हा उचल घेतलेली असते. मार्चमध्ये कारकून वही उघडतो, तेव्हा खजिना रिकामा आढळतो!

या शहरापुरता तरी हा प्रश्न किरकोळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोलापूरचा संसार गिरण्यांच्या भोंग्यावर चालला. भोंगे थांबले, तेव्हा पुष्कळांनी स्वतःच्या घरात माग लावले, शिलाईयंत्रे मांडली, दुकाने थाटली. कोणाच्या हजेरीपटावर नसलेला, आपली भाकरी आपणच मिळविणारा मध्यमवर्ग येथे मोठा आहे. त्याच्या हिशेबाची शिस्त किंवा बेशिस्त ही म्हणूनच साऱ्या शहराची बाब ठरते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून, नव्या करपद्धतीत, १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्राप्तिकर द्यावा लागत नाही. मार्चच्या धसक्यातून त्यामुळे पुष्कळांची सुटका झाली आहे. आपण त्यांपैकी आहोत की नाही, हे आधी पाहावे आणि मगच घाबरावे. मात्र व्यवसाय कराची ३० जून आणि वस्तू व सेवा कराच्या तारखा यांतून ही सुटका होत नाही. बहुतेक व्यावसायिकांना वर्षाला २,५०० रुपये पडणारा हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला, तो १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी. ज्या जिल्ह्याने त्या दुष्काळात खडी फोडली, त्याला तरी कराचा पैसा कोठे जातो हे शिकविण्याची गरज नाही. कर द्यावा की न द्यावा हा आमच्यापुढचा प्रश्नच नव्हे. तो वेळेवर देणे माणसाला जड का जाते, एवढाच प्रश्न आहे.

आमचे असे स्पष्ट मत आहे की, कर मार्चमध्ये येतच नाही. तो वर्षभर, प्रत्येक पावतीबरोबर येत असतो. आपण त्याला मार्चमध्ये ओळखतो एवढेच. एक हिशेब मांडून पाहू. एखाद्या व्यावसायिकाकडे वर्षात ३२ लाख रुपये फी जमा झाली आणि खर्च वजा जाता त्यातील निम्मे, म्हणजे १६ लाख, उत्पन्न उरले असे समजा. नव्या पद्धतीने त्याचा कर उपकरासह १,२४,८०० रुपये होतो. मार्चच्या पंधरवड्यात एकदम काढावयाचे म्हटले तर ही रक्कम डोळ्यांसमोर काजवे चमकविणारी आहे. बारा महिन्यांत वाटली तर ती महिना १०,४०० रुपये होते. आणि जमा झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांवर वाटली तर? चार रुपयेसुद्धा नाहीत! ज्या दिवशी शंभर आले त्याच दिवशी चार रुपये निराळ्या बँक खात्यात टाकणारा मनुष्य मार्च महिन्यात शांतपणे झोपतो. ज्याचा खर्च कमी आणि उत्पन्न मोठे त्याने चाराऐवजी आठ किंवा दहा टाकावेत; प्रमाण सल्लागाराकडून एकदा ठरवून घ्यावे. आगाऊ कराचा भरणा ठरलेल्या तारखेच्या आधी, हवा तितक्या वेळा करण्यास कायद्याची आडकाठी नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आमची जुनी सवय मात्र आडवी येते.

यावर वाचक म्हणतील, ‘संपादक महाशय, शंभर रुपये आले तर ना? आमचे शंभर तर उधारीत अडकले आहेत!’ हा आक्षेप खोटा नाही. जो व्यावसायिक रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवतो, त्याचा प्राप्तिकर पैसा हाती आल्यावरच मोजला जातो. वस्तू व सेवा कराचे घड्याळ तसे नाही. ते बिलाबरोबरच चालू होते. एक लाखाचे बिल केले, त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० कर लावला. गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत पैसे देईना. तरी ते अठरा हजार सरकारजमा करावेच लागतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज पडते. म्हणजे गिऱ्हाइकाची उधारी लहान माणसाने सोसावयाची आणि तिच्यावरचा करही त्यानेच खिशातून भरावयाचा!

तारीख आणि पैसा यांची ही चुकामूक या मुलखाला नवी नाही. इंग्रजी अमलात शेतसारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याला द्यावा लागे. पीक बाजारात गेलेले असो वा नसो, हप्ता थांबत नसे. म्हणून शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाई. सारा फिटे, पण खत उरे, आणि त्या खतात पुढे जमीन जाई. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो भडका उडाला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली, ती याच साचलेल्या रागातून. त्यानंतर १८७९ साली सरकारला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट करावा लागला. तो प्रथम ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा व नगर यांच्या जोडीला आमचे सोलापूरही होते. खताच्या मागे जाऊन खरा हिशेब तपासण्याचा आणि कर्जाचे हप्ते पाडून देण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयांना दिला. सरकारची तारीख गाठण्यासाठी सावकाराचे दार ठोठावणारा मनुष्य एका ऋणातून सुटून दुसऱ्या, अधिक मोठ्या ऋणात पडतो, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

तो धडा आजही तितकाच खरा आहे, हे आकड्यांनीच दाखविता येते. वरील हिशेबातील व्यावसायिकाला मार्चमध्ये एक पैसाही भरता आला नाही आणि त्याने सारा कर जुलैअखेर भरला, असे धरा. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली, जिच्यात आगाऊ कर एकाच हप्त्याने १५ मार्चपर्यंत भरावयाचा असतो, त्याला दरमहा शेकडा १ या दराने मार्चच्या तुटीबद्दल एक महिन्याचे आणि पुढील चार महिन्यांचे मिळून ६,२४० रुपये व्याज पडेल. तेच पैसे त्याने दरमहा शेकडा ३ ने कोणाकडून उचलले, तर पाच महिन्यांत १८,७२० रुपये जातील. क्रेडिट कार्डाची थकबाकीही साधारण याच दराने वाढते. अब्रू जाईल या भीतीने तिप्पट व्याज भरण्यात शहाणपण कोणते? बायकोचे दागिने गहाण टाकण्यापूर्वी गृहस्थाने हा त्रैराशिकाचा हिशेब एकदा कागदावर करावा.

म्हणून ज्याच्याजवळ आज पैसे नाहीत त्याला आमचे सांगणे असे. जेवढे असतील तेवढे १५ मार्चपूर्वी भरावेत. व्याज तुटीवर पडते, भरलेल्या रकमेवर नाही. ती तारीख हुकली तरी ३१ मार्चपर्यंतचा भरणा आगाऊ करातच मोजला जातो, आणि एकंदर कराचे नव्वद टक्के तोवर भरले गेल्यास एप्रिलपासूनचे व्याज टळते. विवरणपत्राची मुदत मात्र पैशाअभावी कधीही चुकवू नये. कर न भरता ते दाखल करणारा थकबाकीदार ठरतो आणि व्याजही चालू राहते, हे खरे. पण ५,००० रुपयांपर्यंतचे विलंबशुल्क वाचते आणि धंद्यातील तोटा पुढील वर्षांत ओढण्याचा हक्क शाबूत राहतो. खात्याची मागणीची नोटीस आली, तर ती फडताळात दडवू नये. नोटिशीला साधारणतः ३० दिवसांची मुदत असते. तिच्या आत अर्ज केल्यास मुदत वाढविण्याचा किंवा हप्ते पाडून देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला कायद्यानेच दिला आहे. तोंड लपविणाऱ्याला तो मिळत नाही, मागणाऱ्याला मिळू शकतो.

वस्तू व सेवा करासंबंधी मात्र असे समाधान आम्ही कोणास देऊ शकत नाही. गिऱ्हाइकाकडून जे अठरा रुपये हाती आले ते आपले नव्हतेच. ती ठेव होती. ठेवीतून दुकानाचे भाडे देणे हा व्यवहार नव्हे.

हे सारे लहान माणसाला सांगितले. आता मोठ्यांना दोन शब्द सांगणे अवश्य आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल, करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. न झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देणे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर असे थकविलेले बिल खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरताही येत नाही. कायदा उत्तम आहे. पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीने लहान कारखानदार तक्रारीचा कागद पुढे करीत नाही, हे कोणाला ठाऊक नाही? आणि ज्या सरकारी व निमसरकारी कार्यालयांनी उदाहरण घालून द्यावयाचे, त्यांच्या टेबलांवरही लहान ठेकेदारांची बिले महिनोन् महिने पडून राहतात. जो स्वतः देणे थकवितो, त्याने घेण्याची तारीख कडक ठेवावी, हा न्याय एकतर्फी होय.

मागणी अवास्तव नाही. सेवाकराच्या काळात, २०१२ पासून, ५० लाखांपर्यंतच्या व्यक्ती आणि भागीदारी संस्थांना पैसा हाती आल्यावर कर भरण्याची मुभा होती; २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि ती मुभा गेली. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंतच्या व्यापाऱ्याला आजही मूल्यवर्धित कर वसुलीनंतर भरता येतो. जे तेथे चालते आणि येथे पाच वर्षे चालले, ते पुन्हा का चालू नये? त्याचप्रमाणे विवरणपत्रात स्वतः कबूल केलेला वस्तू व सेवा कर हप्त्यांनी भरण्याची सोय आजच्या कायद्यात नाही. कबुली न देणाऱ्याला मागणी निघाल्यावर मात्र ती मिळू शकते! प्रामाणिकपणाला अशी शिक्षा असू नये. शहरातील वकील, डॉक्टर, यंत्रमागधारक आणि व्यापारी यांच्या संघटनांनी या दोन सुधारणांसाठी एकजुटीने आवाज उठवावा, आणि खासदारांनी तो दिल्लीपर्यंत पोहोचवावा.

पण दिल्लीचा कायदा बदलेल तेव्हा बदलेल. शंभरातील चार रुपये बाजूला काढण्यास संसदेच्या मंजुरीची गरज नाही. हे वर्ष निभावून नेण्याचा मार्ग वर सांगितला आहे. पुढच्या वर्षाची तयारी एप्रिलच्या पहिल्या पावतीपासून करावयाची आहे.