मक्तेदारीला नवे का खुपते?

खासगी भांडवल हीच संशोधनाची जननी, असे मुक्त बाजारपेठेचे भाट अहोरात्र सांगत असतात. अमेरिकेतील टेलिफोनचा इतिहास त्यांनी डोळसपणे वाचावा. दूरध्वनीचे जाळे, यंत्रांचे कारखाने आणि संशोधनशाळा हे सारे तेथे ‘एटी अँड टी’ या एकाच कंपनीच्या मुठीत होते. ट्रान्झिस्टर 1947 मध्ये तिच्याच प्रयोगशाळेत जन्मला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बाहेरच्या संशोधकांशी ती कशी वागली?

‘हश-अ-फोन’ हे दूरध्वनीवर बसवायचे साधे टोपण. त्यामुळे बोलणे शेजारच्याला ऐकू जात नसे. परकी वस्तू जोडू नये, या नियमाचा बडगा कंपनीने त्यावर उगारला. 1955 मध्ये सरकारी दळणवळण आयोगानेही तिचीच री ओढली. 1956 मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला. टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी बिनतारी संच दूरध्वनीला जोडणारा ‘कार्टरफोन’ बनवला, तेव्हाही तोच नियम आडवा आला. आयोगाने तो बेकायदा ठरवला 1968 मध्ये.

पॉल बॅरन यांचा अनुभव अधिक बोलका आहे. संदेशाचे तुकडे करून ते निरनिराळ्या वाटांनी धाडण्याची योजना त्यांनी 1960 नंतरच्या दशकात मांडली. कंपनीने ती अव्यवहार्य म्हणून झिडकारली. त्याच तत्त्वावरचे ‘अर्पानेट’ 1969 मध्ये उभे राहिले, तेही संरक्षण खात्याच्या, म्हणजे करदात्यांच्या पैशातून. आजच्या इंटरनेटचे बीज ते हेच.

याचे कारण कोणा अधिकाऱ्याच्या आकसात शोधू नये. जुन्या यंत्रणेत ज्याचे भांडवल गुंतले आहे, त्याला नवे तंत्र म्हणजे तोटाच वाटणार.

मात्र समाजवाद्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. भारतात दूरध्वनी सरकारी खात्याकडे असताना सामान्य माणसाला जोडणीसाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले. याउलट 1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेने खेड्यांना मानवतील अशी स्वदेशी एक्स्चेंजेस घडवली. म्हणजे मालकीची पाटी बदलल्याने काम भागत नाही. जनतेला जाब विचारता येतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. आज देशातील मोबाइल सेवा मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटली असताना सार्वजनिक दूरसंचार सेवा सबळ करणे, नियामकाला लोकांपुढे उत्तरदायी बनवणे आणि जाळ्याची दारे सर्वांना खुली ठेवणे, या मागण्या कार्यकर्त्यांनी नेटाने लावून धरल्या पाहिजेत.